शिक्का असूनही माल अडतो : निर्यातीच्या लाकडी पॅकिंगमध्ये नेमकं चुकतं कुठे?

तक्रार बहुतेक वेळा एकाच साच्यातली असते. माल न्हावा शेवाहून व्यवस्थित निघालेला असतो, कागदपत्रं पूर्ण असतात, पेट्यांवर एचटीचा (म्हणजे हीट ट्रीटमेंट, उष्णतेच्या प्रक्रियेचा) शिक्का असतो, पुरवठादाराचं हीट ट्रीटमेंटचं प्रमाणपत्रही फाइलला लावलेलं असतं. आणि माल पोचायच्या सुमाराला खरेदीदाराचा मेल येतो: लाकडी पॅकिंग नियमात बसत नाही, कंटेनर थांबवलाय, रोजचं भाडं चढतंय.

मग वाळूज असो, शेंद्रा असो की जालना, पुढची हालचालही ठरलेली. पॅलेटवाल्याला (मालाखालच्या लाकडी चौकटी बनवणाऱ्याला) फोन लावून झापायचं, त्याच्याकडून नवं प्रमाणपत्र मागवायचं, फारच झालं तर पुरवठादार बदलायचा. काही कंटेनर नीट जातात आणि पुन्हा एक अडकतो. कारण सगळे दोष भट्टीत शोधतात, म्हणजे किडे मारायला लाकूड जिथे तापवतात तिथे. माझ्या पाहण्यात तरी भट्टीत लाकूड बहुधा नीट तापलेलं असतं. भट्टीतून निघाल्यापासून कंटेनरचं दार बंद होईपर्यंतच्या वाटेत त्यात दुसरं लाकूड मिसळतं. म्हणून तपास उलटीकडून करा, कंटेनरच्या दारापासून मागे भट्टीपर्यंत. पुढचं सगळं मी त्याच क्रमाने लिहिलंय.

आधी नियम, जेवढा लागतो तेवढाच

नियमाचं नाव आयएसपीएम-१५. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या छत्राखालच्या आयपीपीसी (आंतरराष्ट्रीय वनस्पती संरक्षण) कराराने तो २००२ मध्ये मंजूर केला. त्यामागचं कारण अगदी खरं आहे. आशियातला लांबशिंगी भुंगेरा १९९६ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात सापडला. तो पॅकिंगच्या लाकडातून गेला असं मानलं जातं. त्याच्यापायी तिथे मॅपलसारखी मोठमोठी झाडं हजारोंनी तोडावी लागली. पाइनच्या लाकडातून पसरणाऱ्या सूत्रकृमीने जपानातली जंगलं अशीच वाळवली. तेव्हा तिकडचा इन्स्पेक्टर आपल्या एका फळीवरून एवढा का अडतो, हे समजून घेतलं की पुढचं सोपं जातं.

६ मिलिमीटरपेक्षा जाड, अखंड लाकूड पॅकिंगमध्ये असेल तर त्यावर प्रक्रिया झालेली हवी आणि तसा शिक्का हवा. पॅलेट, खोके, पेट्या, केबलचे ड्रम आणि कंटेनरमध्ये माल हलू नये म्हणून ठोकलेले ठोकळे-पट्ट्या हे सगळं यात आलं. उष्णतेची प्रक्रिया म्हणजे लाकडाच्या गाभ्यासह सगळीकडे किमान ५६ अंश सेल्सिअस, सलग ३० मिनिटं. प्लायवूड, पार्टिकल बोर्ड, ओएसबी (लाकडाच्या चिपा दाबून केलेला बोर्ड) यांना सूट आहे, कारण ते गोंद, उष्णता आणि दाब यांतून बनतानाच निघालेले असतात. आपल्याकडे प्रक्रिया करणाऱ्यांना मान्यता आणि क्रमांक देण्याचं काम फरिदाबादचं वनस्पती संरक्षण, संगरोध व साठवण संचालनालय करतं.

पहिला प्रश्न : कुठला तुकडा?

मेल आला की पुरवठादाराला फोन करण्याआधी खरेदीदाराकडून किंवा त्याच्या एजंटकडून फोटो मागवा. ‘पॅकिंग चालत नाही’ एवढ्यावर काहीच कळत नाही. इन्स्पेक्टरने कुठल्या लाकडावर बोट ठेवलं, त्यावर शिक्का नव्हता, पुसट होता, साल होती की जिवंत किडा सापडला, ही चार कारणं वेगळी आहेत आणि चौघांची दुरुस्तीही वेगवेगळ्या ठिकाणी होते. फोटो आला की तो आपल्या स्टफिंगच्या, म्हणजे कंटेनर भरतानाच्या, फोटोंशेजारी ठेवा. स्टफिंगचे फोटो काढायची पद्धत तुमच्याकडे नसेल तर आजपासून सुरू करा, आणि दार बंद करण्याआधीचा एक फोटो खाली फरशीकडे कॅमेरा धरून काढा. अडचणीचं लाकूड बहुधा तिथेच असतं.

शेवटच्या तासातले ठोकळे

माल अडण्याचं सगळ्यात जास्त वेळा दिसणारं कारण हे आहे, आणि त्याकडेच सगळ्यात कमी लक्ष जातं.

संध्याकाळची वेळ असते. ट्रेलर तासन्‌तास उभा आहे, ड्रायव्हर रात्रीत समृद्धीवर चढायच्या घाईत आहे, गेट-इनची (कंटेनर बंदरात पोचवायची) मुदत डोक्यावर आहे. शेवटची पेटी आत गेली आणि दाराजवळ वीतभर फट उरली. सुपरवायझर हाक मारतो, “मिस्त्री, दोन ठोकळे मारा इथं.” मिस्त्री शेडच्या कोपऱ्यातून हाताला येईल ते लाकूड उचलतात. ते बाभळीचं असेल, आंब्याचं असेल, कुठल्या तरी आयात मशीनच्या फुटलेल्या पेटीतलं असेल. करवतीने मापात कापलं, चार खिळे मारले, दार बंद, सील लागलं. मिस्त्रींचं काम चोख झालेलं असतं. माल इंचभर हलणार नाही. पण त्या दोन ठोकळ्यांवर शिक्का नाही, आणि तिकडे दार उघडल्यावर इन्स्पेक्टरला सगळ्यात आधी दिसतात ते हेच.

आतल्या सगळ्या पेट्या शंभर टक्के नियमात असल्या तरी हे दोन ठोकळे अख्खा कंटेनर थांबवू शकतात. चॉकिंगचं, म्हणजे माल हलू नये म्हणून मारलेलं, लाकूडही नियमात पेटीइतकंच येतं.

उपाय स्वस्त आहे. मान्यताप्राप्त पुरवठादाराकडून ठोकळ्यांचं आणि पट्ट्यांचं प्रक्रिया केलेलं लाकूड वेगळं मागवा आणि त्यावर थोड्या थोड्या अंतरावर शिक्के मारून घ्या, म्हणजे जागेवर कापलं तरी प्रत्येक तुकड्यावर पूर्ण शिक्का उरतो. एखाद्या तुकड्यावर अर्धाच शिक्का आला तर तो तुकडा वापरू नका. शिक्क्याचे दोन अर्धे तुकडे जोडून चालत नाहीत. हे लाकूड कुलूप लावता येईल अशा जागी ठेवा आणि स्टफिंगच्या जागेभोवतीचं बाकी सगळं भंगार लाकूड हलवा. ‘तिथलं लाकूड घेऊ नका’ असं सांगण्यापेक्षा ते लाकूड तिथे नसणंच कामाला येतं. आणि मिस्त्रींना कारण सांगा. बहुतेक ठिकाणी त्यांना फक्त ‘शिक्क्याचंच घ्या’ एवढं सांगितलेलं असतं. किडा, बंदर, दंड हे कुणी समजावून दिलेलं नसतं. एकदा समजावलं की मिस्त्री स्वतःच सुपरवायझरला अडवतात, हे मी पाहिलंय.

फट भरायला हवेच्या पिशव्या मिळतात, स्टीलचे पट्टे आहेत, प्लायवूडचे तुकडे आहेत. हलक्या मालाला त्या पिशव्याच बऱ्या. जालन्याच्या लोखंडासारख्या जड मालाला मात्र लाकूड लागतंच, तिथे वरचीच पद्धत धरा.

दुरुस्त केलेली पॅलेट

पॅलेटची एक फळी फुटली, ती काढून दुसरी मारली. बाकीच्या पॅलेटवर जुना शिक्का आहेच. हे चालतं का? नवी फळी प्रक्रिया केलेल्या लाकडाची (किंवा प्लायसारख्या सूट असलेल्या मालाची) असेल आणि प्रक्रिया केलेली प्रत्येक बदललेली फळी स्वतंत्र शिक्क्याची असेल, तर साधारण एक तृतीयांश भाग बदलेपर्यंत दुरुस्ती मानतात. त्याहून जास्त भाग बदलला तर ती पॅलेट नव्याने बनवली असं धरलं जातं. मग जुने सगळे शिक्के खोडायचे, अख्खी पॅलेट पुन्हा भट्टीत घालायची आणि नवा शिक्का मारायचा.

आपल्याकडे गडबड होते ती जुन्या मालाच्या बाजारात. परदेशातून आलेल्या पेट्या मोडून त्याच्या फळ्यांच्या पॅलेट बनवून विकतात. फळीवर दुसऱ्याच देशाचा शिक्का असतो, बाजूच्या फळीवर आणखी तिसऱ्याचा, आणि विकणारा सांगतो, “साहेब, शिक्का आहे की.” अशा पॅलेटवर तीन देशांचे शिक्के दिसले की इन्स्पेक्टरला शंका येणारच, आणि ती रास्त आहे. जुन्या लाकडाची पॅलेट घ्यायची असेल तर बनवणाऱ्याकडे एकच विचारा: बांधून झाल्यावर पुन्हा प्रक्रिया केली का, आणि जुने शिक्के खोडले का. उत्तर गोलमाल आलं तर घेऊ नका.

शिक्का स्वतः

शिक्क्यात चार गोष्टी असतात: गव्हाच्या ओंबीचं आयपीपीसी चिन्ह, देशाचा कोड (आपला ‘आयएन’), प्रक्रिया करणाऱ्याचा क्रमांक आणि प्रक्रियेचा कोड. उष्णतेला एचटी, मिथाइल ब्रोमाइडला एमबी. चौकटीच्या आत याशिवाय काहीही नको. कंपनीचं नाव, तारीख, बॅच नंबर लिहायचा तर चौकटीबाहेर. पूर्वी साल काढलेल्या लाकडासाठी ‘डीबी’ अशी अक्षरंही शिक्क्यात असत. २००९ मध्ये नियम सुधारला तेव्हा ती काढली, तरी जुने रबरी शिक्के वापरणारे अजून भेटतात.

शिक्का सहज दिसायला हवा, शक्यतो निदान दोन समोरासमोरच्या बाजूंवर. हाताने काढलेला चालत नाही. लाल आणि नारिंगी रंग टाळायचा, कारण ते रंग धोकादायक मालाच्या खुणांसाठी वापरतात. कागदी स्टिकर चिकटवून तर अजिबात नको. काढून दुसरीकडे लावता येईल असा शिक्का ग्राह्यच नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. मान्यता नसलेला माणूस शिक्का करून घेतो आणि घरबसल्या मारतो, असं होतं. तुमच्या पुरवठादाराच्या शिक्क्यावरचा क्रमांक संचालनालयाच्या मान्यताप्राप्त यादीत आहे का, मान्यतेची मुदत चालू आहे का, हे वर्षाला एकदा तरी स्वतः पाहा. पॅलेट बनवणारा एक आणि भट्टी दुसऱ्याची असेल, तर शिक्का भट्टीवाल्याचाच हवा आणि त्याच्याच ताब्यात मारलेला हवा. पॅलेटवाल्याने तो शिक्का स्वतःच्या वखारीत आणून ठेवलाय असं दिसलं, तर तिथेच थांबा.

साल

कडेच्या फळीला साल राहते. नियम पूर्ण सालमुक्त लाकूड मागत नाही. सालीची पट्टी ३ सेंटिमीटरपेक्षा अरुंद असेल तर लांबी कितीही चालते. त्याहून रुंद असेल तर त्या एका तुकड्याचं क्षेत्रफळ ५० चौरस सेंटिमीटरपेक्षा कमी हवं. म्हणजे ४ सेंटिमीटर रुंद आणि १० लांब चालेल, ४ रुंद आणि १३ लांब नाही चालणार. निलगिरी आणि सुबाभळीच्या लाकडात हा त्रास जास्त, कारण खोड बारीक असतं आणि फळीच्या दोन्ही कडांना साल येते. आवक करतानाच मोजपट्टी घेऊन पाहा. पेटी बांधून झाल्यावर आतल्या बाजूची साल कुणालाच दिसत नाही, आणि तिकडे पेटी फोडल्यावर मात्र दिसते.

भट्टीत खरंच कच्चं राहिलं असेल तर

वरचं सगळं तपासून झालं आणि तरी जिवंत किडा निघाला, तर आता भट्टीकडे वळा.

मे महिन्यात मराठवाड्यात पारा ४२-४३ पर्यंत जातो, पत्र्याच्या शेडमध्ये त्याहूनही वर. “इथं उन्हातच लाकूड भाजून निघतं” असं म्हणणारे पुष्कळ आहेत. पण ५६ अंश मोजायचे ते लाकडाच्या मधोमध, आणि सलग अर्धा तास. निखाऱ्यात टाकलेलं रताळं वरून करपलं तरी मधून कच्चं राहतं, तसं जाड रनरचं (पेटीखालच्या आडव्या लाकडाचं) होतं. लाकूड उष्णता फार सावकाश आत नेतं. चेंबरमधली हवा ७० वर गेली तरी ९० मिलिमीटर जाडीच्या ओल्या ठोकळ्याचा गाभा ५६ वर यायला काही तास जातात. त्याच चेंबरमधल्या पातळ फळ्या कधीच्या तयार झालेल्या असतात.

म्हणून भट्टीवर गेलात तर प्रोब (तापमान मोजणारी सळई) कुठे लावलाय ते आधी बघा. तो लॉटमधल्या सगळ्यात जाड तुकड्यात हवा, आणि तो तुकडा चेंबरच्या सगळ्यात थंड भागात ठेवलेला हवा. हा थंड भाग बहुधा दाराजवळ, खालच्या थरात, जिथे पंख्याची हवा कमी पोचते तिथे असतो. भोक गाभ्यापर्यंत पाडलेलं हवं. प्रोब घातल्यावर भोकाचं तोंड नीट बुजवलेलं हवं, नाहीतर गरम हवा भोकात शिरते आणि प्रोब लाकडाऐवजी हवेचं तापमान सांगतो. जवळ खिळा असेल तर धातूतून उष्णता आत जाऊन आकडा फुगतो. एकच प्रोब असेल तर तो बिघडलाय हे कळायला मार्ग नसतो. निदान दोन हवेत, आणि त्यांचं कॅलिब्रेशन केव्हा झालं ते विचारायला संकोच करू नका.

मग रेकॉर्डरचा आलेख मागा. नुसतं प्रमाणपत्र घेऊन परतू नका. आलेखावर गाभ्याची रेघ ५६ च्या वर गेल्यापासून ३० मिनिटं मोजायची. मध्ये लाइट गेली आणि रेघ ५५ वर उतरली तर मोजणी पुन्हा शून्यापासून. आधीची वीस आणि नंतरची दहा मिळून तीस होत नाहीत. लोडशेडिंगच्या दिवसांत जनरेटर किती वेळात सुरू होतो, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा. गाभ्याची रेघ सुरुवातीपासून हवेच्या रेघेला चिकटून वर चढत असेल तर प्रोब लाकडात नव्हता असं समजा. खऱ्या लाकडाची रेघ मागे रेंगाळते. फळ्यांच्या थरांमध्ये पट्ट्या टाकून हवेला वाट ठेवली होती का, तेही विचारा. गच्च रचलेल्या चळतीच्या मध्यात हवा पोचतच नाही.

बुरशी आणि भुसा

पावसाळ्यात आणखी एक तक्रार येते: पॅलेटला हिरवी-काळी बुरशी आली, म्हणजे हीट ट्रीटमेंट झालीच नाही. तसं नसतं. एचटीमुळे किडा मरतो, लाकूड वाळेलच असं नाही. उलट ओल्या लाकडाची आतली ओल उष्णतेने पृष्ठभागावर येते आणि गरम लाकूड तसंच प्लास्टिकमध्ये गुंडाळलं की बुरशीला आयतंच घर मिळतं. ओलावा २० टक्क्यांच्या खाली आला की बुरशीचा त्रास बराच थांबतो. त्यासाठी भट्टीत वाळवून घ्यायचं वेगळं सांगावं लागतं. ते दर वेगळे, वेळही जास्त. जून ते ऑक्टोबर एवढा खर्च करावा असं माझं मत आहे, निदान अन्न, बियाणं आणि औषधं यांच्या मालाला.

फळीतून पिठासारखा बारीक भुसा पडत असेल तर ते वेगळं. सुबाभळीच्या आणि आंब्याच्या पांढऱ्या, बाहेरच्या लाकडात कोरड्या लाकडावर जगणारा भुंगेरा प्रक्रियेनंतरही शिरू शकतो. प्रक्रिया किड्याला त्या दिवशी मारते, पुढे राखण करत नाही. म्हणून प्रक्रिया केलेलं लाकूड कच्च्या लाकडाशेजारी, उघड्यावर महिनोन्‌महिने पडू देऊ नका.

“पण आम्ही फ्युमिगेशन केलंय”

मालाला धूर दिला म्हणजे पॅकिंगही झालं, ही समजूत बियाणं आणि धान्याच्या निर्यातदारांत फार आहे. मालाच्या फ्युमिगेशनचं प्रमाणपत्र पॅलेटच्या शिक्क्याची जागा घेत नाही. लाकडावर मिथाइल ब्रोमाइडची प्रक्रिया करायची तर साल आधी काढलेली हवी, लाकडाची जाडी २० सेंटिमीटरच्या आत हवी, किमान २४ तास द्यावे लागतात आणि त्या वेळात तापमान १० अंशांच्या खाली जायला नको. परभणीकडे डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा त्याच्या खाली उतरतो, तेव्हा ताडपत्रीखाली रात्रभर केलेलं काम नियमात बसतं का हे तपासावंच लागतं. शिवाय हा वायू ओझोनचा थर खातो. १९८७ च्या माँट्रियल करारात क्वारंटाइनच्या वापराला सूट असली तरी बरेच खरेदीदार आता एमबीचा शिक्का नको म्हणतात. ऑर्डर घेतानाच विचारून ठेवा. मला विचाराल तर एचटीच घ्या.

उलट बाजूने, काही खरेदीदार लाकडी पॅकिंगसाठी वेगळं फायटोसॅनिटरी (वनस्पती आरोग्याचं) प्रमाणपत्र मागतात. नियमानुसार शिक्का हाच पुरावा असतो. नम्रपणे तसं कळवा.

माल अडलाच असेल तर

देशादेशाचा हिशोब वेगळा. कुठे तिथल्या तिथे प्रक्रिया करू देतात, कुठे लाकूड वेगळं काढून जाळायला लावतात, कुठे सरळ परत पाठवायला सांगतात. अमेरिकेत साधारणपणे परत पाठवण्याचाच आदेश निघतो. माल वेगळा काढू द्यायचा की नाही, हे तिथल्या बंदराच्या अधिकाऱ्यावर असतं. १ नोव्हेंबर २०१७ पासून तिथे पहिल्याच चुकीवर दंड लावण्याची मुभा अधिकाऱ्यांना आहे. तेव्हा खरेदीदाराच्या एजंटला पहिल्याच दिवशी लेखी विचारा: लाकूड वेगळं करून माल सोडवता येईल का, त्यासाठी अर्ज कुणाकडे आणि किती दिवसांत? स्टफिंगचे फोटो, भट्टीचा आलेख आणि पुरवठादाराची मान्यता लगेच सोबत पाठवा. फक्त चॉकिंगचे ठोकळे चुकीचे आहेत आणि पेट्या ठीक आहेत, हे दाखवता आलं तर बोलायला जागा राहते. पुरवठादाराशी भांडण नंतर करता येईल. त्या दिवशी मात्र त्याच्याकडूनच कागद हवे असतात.

प्लायवूडकडे वळलेल्यांसाठी

या त्रासाला कंटाळून बरेच जण प्लायवूडच्या पेट्यांवर गेलेत. निर्णय चांगला आहे. फक्त पेटी उलटी करून खाली बघा. फोर्कलिफ्टची पाती शिरावीत म्हणून खाली जे रनर मारतात, ते जवळजवळ नेहमी अखंड लाकडाचे असतात. आतून कोपऱ्यांना बळकटीसाठी मारलेल्या पट्ट्याही तशाच. त्यांना प्लायची सूट लागू नाही. त्यांच्यावर प्रक्रिया हवी आणि पेटीवर दिसेल असा शिक्का हवा. पेटीच्या ऑर्डरमध्येच ‘रनर आणि आतल्या पट्ट्या एचटी, शिक्क्यासह, नाहीतर एलव्हीएलच्या’ असं लिहून घ्या. एलव्हीएल म्हणजे पातळ पापुद्रे गोंदाने चिकटवून केलेलं लाकूड. त्याला सूट आहे आणि ते जड मशीनचं वजनही पेलतं.